ताई म्हटलं की हिरवा

शेवंती तारीने मला पहिल्यांदा ‘मॅडम’ म्हटलं तेव्हा माझ्या खिशावरचा दिवा हिरवागार होता. यंत्राच्या मते त्या बोलण्यात काहीच वावगं नव्हतं. मला मात्र तिथेच भोकाड पसरावंसं वाटत होतं.

तो दिवा म्हणजे ‘सोबत’. हे नाव ज्याने ठेवलं तो कधी भेटला तर त्याला मी चार शब्द ऐकवणार आहे. बिस्किटाएवढा चौकोनी बिल्ला, मधोमध दिवा. आडबंदरच्या आमच्या प्रकल्पात तो खिशाला लावल्याशिवाय गेटातून आत सोडत नाहीत. आम्ही समुद्राचं पाणी गोडं करतो. पाणी प्रचंड दाबाने पडद्यावर ढकलायचं; मीठ अलीकडे राहतं, पाणी पलीकडे जातं. मी तिथली रसायनतज्ज्ञ, महानंदा बिराजदार, मूळची लातूरची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीवर रुजू झाले तेव्हा. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की सोबत हाही एक पडदाच आहे, माणसांच्या बोलण्यातलं खारं तेवढं अडवणारा. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या होत्या.

सोबत तीन गोष्टी मोजतो. शब्द, अंतर आणि काळीज. बोलणारा काय म्हणाला, किती जवळ उभा राहून म्हणाला आणि ऐकणारीच्या हृदयाची गती तेव्हा किती बदलली. या तिन्हींची बेरीज करून तो हिरवा, पिवळा किंवा लाल होतो. कोणी तक्रार करायची वाट तो बघत नाही. लाल झाला की त्या दोन माणसांच्या पाळ्या आपोआप वेगळ्या होतात, ती एका दालनात आली की दार टिटी करायला लागतं, आणि चूक करणाऱ्याच्या फोनवर निरोप जातो की तुमच्या वर्तनाची लैंगिक छळ या सदरात नोंद झाली आहे, तपशील गोपनीय आहे. छळ होण्याआधीच छळ थांबवायचा, अशी ती कल्पना. वाईट नाही. माझ्या आईच्या पिढीने काय काय सोसलं ते मी ऐकून आहे.

शब्दांना वजनं द्यायची म्हणून सोबत तयार करणाऱ्यांनी हजारो कचेऱ्यांतलं बोलणं आणि वर्षानुवर्षांच्या तक्रारी एकत्र चाळल्या. त्यात त्यांना एक शोध लागला. ज्या बोलण्यात पुरुष बाईला ताई, वहिनी, मावशी म्हणतो, तिथे तक्रार जवळजवळ होतच नाही. मग त्यांनी या शब्दांना मोठी सूट दिली. वाक्यात ताई आलं की धोका निम्म्याहून खाली. या शोधाला म्हणे बक्षीसही मिळालं. शोध लावणाऱ्याला बहीण नसावी, किंवा असली तरी ती नोकरी करत नसावी.

हे गुपित आमच्याकडे सगळ्यात आधी कळलं ते मकरंद उपळेकरांना. ते आमचे पाळीप्रमुख. सोबत येण्याआधी ते मला ‘महानंदा’ म्हणायचे. प्रशिक्षण झालं त्याच आठवड्यात मी त्यांची ताई झाले.

“ताई, केस मोकळे सोडत जा. बांधून कशाला ठेवता, आम्ही काय बघायचंच नाही का?”

दिवा हिरवा.

“ताई, एवढ्या मोठ्या क्वार्टरमध्ये एकट्याच झोपता? भीती नाही वाटत? आम्हाला वाटते हो ताई, तुमच्यासाठी.”

हिरवा.

अंतराचीही त्यांना पक्की जाण होती. यंत्राला चालेल तेवढं हातभर अंतर ठेवूनच उभे राहायचे, बोटानेसुद्धा शिवायचे नाहीत. शिवायचे ते माझ्या वस्तूंना. मी अर्धा चहा टेबलावर ठेवून नमुने तपासायला वळले की माझा कप उचलून त्यातला चहा ते सावकाश संपवायचे. म्हणायचे, “ताई, तुमचं उष्टं गोड लागतं.”

हे पहिल्यांदा घडलं तेव्हा शेवंती दारात उभी होती. समुद्राचं पाणी आत ओढणारे पंप ती चालवते आणि रोज सकाळी पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे आणून देते. वय पंचावन्नच्या पुढे, आवाज भोंग्यासारखा. तिने बाटल्या टेबलावर आदळल्या.

“सायबानू, बहिणीचा उष्टा पितात, मगे रक्षाबंदनाक ओवाळणी काय घातलात?”

उपळेकर हसले आणि कप ठेवून निघून गेले. मी हातात बाटली धरून तशीच उभी होते. शेवंतीने ती माझ्या हातातून सोडवून घेतली आणि म्हणाली, “गो लातुरा, श्वास घे आधी.”

ही शेवंती म्हणजे आडबंदरमधलं माझं सगळं गणगोत. मी मासे खात नाही हे कळल्यावर तिने कपाळावर हात मारून घेतला होता. “मगे समुद्रार कित्या इलंस?” आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं वेगळ्या डब्यात आणायला लागली. तिच्या तोंडाला कुंपण नाही. साहेब असो की शिपाई, ती सगळ्यांच्या अंगप्रत्यंगांवर मोकळेपणाने बोलते आणि कोणी वाईट वाटून घेत नाही, कारण ती वाईट वाटायला जागाच ठेवत नाही.

एके दिवशी मी प्रयोगशाळेतल्या लाकडी स्टुलावर बसले होते. ती मागून आली, पाठीत एक सणसणीत थाप घातली आणि म्हणाली, “गो, ढुंगणार मांसाचो पत्तो नाय, ह्या स्टूल टोचणा नाय काय तुका?”

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आईशी फोनवर बोलतानाही मी इतकी हसत नाही. छाती धडधडायला लागली, श्वास लागला. सोबतने हिशेब केला. शरीराच्या खासगी भागाचा उल्लेख. स्पर्श, तोही मागून. ऐकणारीचं हृदय दुपटीने धावतंय. दोघींचे दिवे एकदम लाल झाले.

आम्ही त्यालाही हसलो. एवढं कळत नव्हतं आम्हाला.

दुसऱ्या दिवशी बाटल्या दुसरंच कोणी घेऊन आलं. शेवंतीची बदली धक्क्यावरच्या जुन्या पंपघरात झाली होती. मी फोन केला, तिने उचलला नाही. आठवडाभराने गेटपाशी ती समोरून येताना दिसली तशी मी जवळजवळ धावत गेले. दार टिटी करायला लागलं. ती बाजूला सरकली, पदर सावरला आणि शाळेतल्या बाईंसमोर बोलावं तसं म्हणाली, “नमस्कार मॅडम. बऱ्या आहात ना?”

हिरवा.

त्यानंतरच्या महिन्यांत मी पाण्यातलं मीठ मोजलं आणि घरी जाऊन भिंतींशी बोलले. कँटीनमध्ये लोक माझ्या टेबलावर बसायचे नाहीत. त्यांचं काही वाकडं नव्हतं माझ्याशी. जिच्यामुळे शेवंतीवर लाल नोंद आली तिच्याजवळ बसायची जोखीम कोण घेणार? उपळेकर तेवढे येऊन बसायचे.

“ताई, तुम्हाला सगळे टाळतात. आम्ही आहोत पण.”

मी प्रोबेशनवर होते. कायम करण्याच्या शिफारशीवर सही त्यांची लागायची. एका शुक्रवारी ते म्हणाले, “ताई, उद्या घरी जेवायला या. मिसेस माहेरी गेल्यात. तुमच्या फाइलबद्दल निवांत बोलू. भावाच्या घरी यायला बहिणीला कसला संकोच?”

प्रशिक्षणात शिकवलं होतं की नकार स्पष्ट शब्दांत द्या. मी उठून उभी राहिले. “सर, तुमचं हे बोलणं मला नकोसं वाटतं. जेवायला बोलावणं, केसांबद्दल बोलणं, माझा चहा पिणं, सगळंच. पुन्हा करू नका.”

त्यांचा दिवा हिरवाच राहिला. माझा पिवळा झाला, आणि बिल्ल्यातून एक गोड आवाज आला: “आपला स्वर चढला आहे. कृपया दीर्घ श्वास घ्या.”

“बघा ताई,” उपळेकर म्हणाले, “उगाच रागावता.”

त्या रविवारी मी शेवंतीच्या घरी गेले. माडांच्या मागे तिचं कौलारू घर आहे. सुनेने दार उघडलं, मला पाहून आत गेली आणि बराच वेळ कोणी बाहेर आलं नाही. मग शेवंती आली, हातात कोकम सरबताचा पेला.

“बसा मॅडम. सरबत घ्या.”

“शेवंताबाय, असं का बोलतेस माझ्याशी?”

“बरोबर बोलते. चुकलं तर सांगा. सून घरात शिकवते मला, पुस्तकातलं मराठी.” ती समोरच्या बाकावर बसली नाही, उभीच राहिली. “माझ्या बोलण्याचा तुम्हाला त्रास होत होता, तर तोंडावर सांगायचं होतंत. मी गप्प बसले असते.”

“मी तक्रार केली नाही गं.”

“मग कोणी केली? दिव्याने?”

“हो. दिव्यानेच केली. मी हसत होते, त्याला वाटलं मी घाबरले.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं आपण उधारी बुडवणाऱ्याकडे पाहतो. “मॅडम, तो निरोप मला वाचता आला नाही. मी सुनेला दिला. तिने मोठ्याने वाचला. लैंगिक छळ. घरात नातू बसला होता. या वयात माझ्या नावावर लैंगिक छळ. आणि तुम्ही म्हणता कोणी काही सांगितलंच नाही.”

तपशील गोपनीय होता. कोणी तक्रार केलीच नाही, हाही तपशील गोपनीयच होता. तक्रार करणाऱ्या बाईचं नाव झाकायला केलेला नियम, आणि त्याच्या आड मीच तिच्यासाठी तक्रार करणारी बाई झाले होते.

सरबत पिऊन झालं तेव्हा तिनेच विचारलं, “काम काय होतं?”

मी उपळेकरांबद्दल सगळं सांगितलं. मला लेखी तक्रार द्यायची आहे, तो चहाचा प्रसंग तू पाहिला आहेस, साक्ष देशील का, असं विचारलं. विचारताना माझीच मला लाज वाटत होती, कारण आता मी तिच्याकडे गरजेपोटी आले असंच तिला दिसणार होतं.

“त्यांचे सगळे दिवे हिरवे आहेत ना?” ती म्हणाली. “आणि मी लाल बाई. माझं कोण ऐकणार?” मग माडांकडे वळली. “आणि ऐकणार असतील तर मी कुठल्या भाषेत बोलू मॅडम? माझ्या, की तुमच्या?”

परत येताना किनाऱ्याच्या रस्त्यावर मी खूप रडले. सोबत घरी ठेवलेला होता, त्यामुळे याची नोंद कुठेच झाली नाही.

तक्रार मी दुसऱ्या दिवशी दिली. कायदा जुनाच होता आणि अजून जिवंत होता. प्रत्येक मोठ्या कचेरीत समिती असावी लागते, अध्यक्ष बाई असावी लागते, एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. सोबत आल्यापासून आमच्या समितीकडे कोणी फिरकलंच नव्हतं. तिच्या खोलीत छपाईचे कागद आणि मोडके पंखे ठेवलेले होते. मी काय घडलं, कुठे घडलं, कोण हजर होतं आणि मी काय उत्तर दिलं ते साध्या शब्दांत लिहिलं. कुठेही रंगवलं नाही.

बाहेरच्या सदस्य होत्या कुडाळच्या वकील फरीदा मुजावर. त्यांनी मला आधी फोन केला. आवाज कोरडा, पण घाई नव्हती.

“बाई, एक सांगून ठेवते. प्रोबेशनवरच्या माणसाच्या दिव्याची शेवटच्या महिन्यात लाल नोंद झाली तर कायम करणं थांबतं. कंपनीचा नियम आहे, मला तो पटत नाही, पण आहे. तेव्हा चिडायचं ते माझ्यासमोर, बिल्ला काढून. चालेल?”

“चालेल,” मी म्हणाले. कितीतरी दिवसांनी कोणीतरी मला ‘चालेल?’ असं विचारलं होतं.

चौकशीच्या दिवशी मोडके पंखे एका कोपऱ्यात सारून टेबल मोकळं केलं होतं. अध्यक्षा पणदूरकर मॅडम, फरीदाबाई, समितीतले आणखी दोघं, मी आणि उपळेकर. भिंतीवरच्या पडद्यावर सोबत कंपनीचा पुण्यातला इंजिनिअर.

“नमस्कार ताई,” उपळेकर मला म्हणाले.

इंजिनिअरने आमची संभाषणं ऐकवली. प्रत्येकाबरोबर पडद्यावर रंग यायचा. हिरवा, हिरवा, पुन्हा हिरवा. ऐकता ऐकता मलाच शंका यायला लागली की यात वाईट काय आहे. प्रेमळ आवाज होता. ताई, ताई, ताई. जणू कोणी बहिणीची समजूत काढतंय.

“मॅडम,” उपळेकर हात जोडून म्हणाले, “माझ्या तोंडात त्यांच्यासाठी ताईशिवाय शब्द नाही. आपणच ऐकलंत.”

“ऐकलं,” फरीदाबाई म्हणाल्या. “आता तो शब्द काढून ऐकू या. इंजिनिअर साहेब, जिथे जिथे ताई आहे तिथे आवाज बंद करा. बाकी सगळं तसंच ठेवा.”

त्याला थोडा वेळ लागला. मग खोलीत उपळेकरांचा आवाज पुन्हा घुमला, मधे मधे तुटत.

“केस मोकळे सोडत जा. बांधून कशाला ठेवता, आम्ही काय बघायचंच नाही का? ... एकट्याच झोपता? ... तुमचं उष्टं गोड लागतं ... उद्या घरी जेवायला या. मिसेस माहेरी गेल्यात. तुमच्या फाइलबद्दल निवांत बोलू.”

पणदूरकर मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पडद्यावर पिवळे आणि लाल रंग आले होते, पण पडद्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

“पण हृदयाच्या नोंदी बघा,” इंजिनिअर घाईघाईने म्हणाला. तो बिचारा आपल्या यंत्राची बाजू घेत होता. “या प्रत्येक वेळी बाईंच्या हृदयाची गती उलट कमी झालेली आहे. माणूस घाबरला की गती वाढते. म्हणजे त्या शांत होत्या.”

“वाढते, पळून जायला वाट असेल तर,” फरीदाबाई म्हणाल्या. “वाट नसेल तर जनावर गोठतं. तेव्हा आधी गती उतरते. हे तुमच्याच शास्त्रात आहे. मी वकील असून वाचलंय, तुम्ही कसं वाचलं नाही?” मग त्या माझ्याकडे वळल्या. “महानंदाबाई, यंत्राचं पुरे झालं. ते चहा पीत होते तेव्हा तुम्हाला काय होत होतं?”

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता.

“बाटली हातात होती,” मी म्हणाले. “ती सोडता येत नव्हती. पाय आपले नाहीत असं वाटत होतं. ते जाईपर्यंत मी मनात पाढे म्हणत होते. तो कप मी घरी नेऊन फोडला, आणि मग वाटलं, कपाचा काय दोष.”

“तुम्हाला ते हवं होतं?”

“नाही. नको होतं. मी तसं सांगितलंही.”

“एवढंच विचारायचं असतं,” फरीदाबाई समितीला म्हणाल्या. “कायदा एवढंच विचारतो, की तिला ते नकोसं होतं का. आणि हे तिलाच विचारावं लागतं.”

तेवढ्यात दार टिटी करायला लागलं. मी वळून पाहिलं. शेवंती आत आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून, सुनेला बाहेर बसवून. मी तिचं नाव लिहून दिलं होतं, पण ती येईल असं मला वाटलं नव्हतं.

तिने सगळं सांगितलं. एकेक वाक्य पाठ केल्यासारखं, पुस्तकातलं मराठी, एक गो नाही, एक मेल्या नाही. “त्या दिवशी मी पाण्याच्या बाटल्या घेऊन गेले होते. साहेबांनी मॅडमच्या कपातील उरलेला चहा प्राशन केला.” ‘प्राशन’ ऐकून एरवी मी हसून लोळले असते. “नंतर ते म्हणाले की तुमचं उष्टं गोड लागतं. मॅडमचा चेहरा पांढरा झाला होता.”

“या बाईंच्या नावावर स्वतःच लाल नोंद आहे,” उपळेकर म्हणाले. “याच मॅडमच्या संदर्भात.”

“हो, आहे,” शेवंती म्हणाली. “म्हणूनच आले. या मॅडमनी माझी तक्रार केली, तरी जे मी पाहिलं ते पाहिलं.”

“मी नाही केली,” मी म्हणाले. पण ती मला नमस्कार करून निघून गेली. सगळा वेळ तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

समितीने उपळेकरांना दोषी धरलं. त्यांची नोकरी गेली. जाताना त्यांनी मला हाक मारली नाही, आणि मला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. न्याय मिळाला तर तो मिळाला असं म्हणायला लाजू नये.

पण पुढच्याच आठवड्यात सोबतची नवी आवृत्ती आली. ताई, वहिनी, मावशी यांची सूट काढून टाकली होती. आता हे शब्द उलट संशयाचे झाले, विशेषतः पुरुषाच्या तोंडी. गेटवरचे गावडे रोज सकाळी “या ताई” म्हणून दांडा उचलायचे. त्यांच्या त्या ताईत काही म्हणजे काही नव्हतं, दांडा उचलण्याची खूण होती ती. आता ते माझ्याकडे न बघता दांडा उचलतात. कँटीनमध्ये वाढणारा “मॅडम, भाजी?” एवढंही विचारत नाही, डाव उचलून भुवया वर करतो. दालनात मी शिरले की बोलणी बंद पडतात. दिवसच्या दिवस माझा दिवा हिरवा. लातूरला आई विचारते, त्रास थांबला ना? मी म्हणते, थांबला. सगळंच थांबलं, हे तिला काय सांगणार.

शेवंतीच्या नोंदीचं मात्र काही होईना. माझा तिच्याविरुद्ध काही आक्षेप नाही असं मी सोबत कंपनीला कळवलं. उत्तर आलं की आपण या नोंदीत तक्रारदार नसल्यामुळे आपल्याला ती मागे घेता येणार नाही. मी फरीदाबाईंना फोन केला.

“मी समितीपुढे आणते,” त्या म्हणाल्या. “वेळ लागेल. तोवर तुमच्या दोघींतलं अंतर असंच राहील. आणि ऐका, हा महिना संपेपर्यंत दिवा हिरवा ठेवा. नवे साहेब माणसाला ओळखत नाहीत, दिवाच बघतात. एवढं सगळं करून नोकरी कच्ची राहायला नको.”

“हो,” मी म्हणाले. मला ही नोकरी हवी होती. ती मी हक्काने मिळवली होती.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात समुद्रात जेलीफिश माजले, धक्क्यावरचं पंपघर बंद ठेवावं लागलं आणि तिथली माणसं दुपारी जेवायला आमच्या कँटीनमध्ये आली. शेवंती त्यांच्यात होती. ती आत येताच दार टिटी करायला लागलं. तिने माझ्याकडे पाहिलं, सगळ्यात लांबचं टेबल धरलं आणि पाठ करून बसली. डबा उघडला. एकटीच जेवायला लागली. इतर लोक तिच्यापासून एक खुर्ची सोडून बसले, जसे माझ्यापासून बसतात.

मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. तिला समजावून सांगायचं सगळं माझं सांगून झालं होतं. बरोबर मराठीत, नम्रपणे, लेखी आणि तोंडी. तिचा त्यातल्या एका अक्षरावर विश्वास नव्हता. का असावा? तिला लाल करणारा निरोपही तसाच होता, बरोबर मराठीत आणि नम्र.

मी उठले. खुर्ची जोरात मागे सरकली. आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते मी लातूर सोडल्यापासून कोणाशी बोलले नव्हते.

“आगं ये भवाने! किती दिस तोंड फिरवून बसतीस गं? मी काय तुझं घोडं मारलंय?”

कँटीनमधले सगळे चमचे थांबले. माझा दिवा पिवळा झाला. शेवंतीचा हात डब्यात थांबला, पण ती वळली नाही.

“मला कशाला तुझी तक्रार करावं लागतंय, आँ? तुझ्याबिगर ह्या गावात मला एक कुत्रं इचारत न्हाई! मी मरून पडले असते तर भिताडाला कळलं असतं निस्तं! आन तू म्हनं मॅडम, नमस्कार मॅडम! जळो तुझं ते प्राशन!”

लाल. बिल्ल्यातला गोड आवाज मला श्वास घ्यायला सांगत होता. माझी कायम होण्याची फाइल तिथेच, त्या क्षणी, कुठल्यातरी मशीनमध्ये थांबली असणार. मला ते कळत होतं.

शेवंती वळली. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, नवीनच कोणी पाहुणी आल्यासारखं.

“ही खंयची भाशा गो?”

“माझी,” मी म्हणाले. “लातूरची.”

“इतके दिवस खंय होती?”

“घरीच ठिवली हुती.”

तिने लुगड्याला हात पुसला. मग विचारलं, “आणि ता भवानी म्हणजे काय? गाळ आसा काय ती, शिवी?”

“हाय.”

शेवंतीने डब्याचं झाकण लावलं, डबा उचलला आणि टेबलांमधून वाट काढत माझ्याकडे यायला लागली. दार बोंबलत होतं, तिचा दिवा लाल, माझा लाल.

“मगे आणखी येक दी,” ती म्हणाली. “माका नीट आयकाक येवक नाय.”